सुरतेचा सूर्यास्त

ही गोष्ट सन दोन हजार बावीसच्या चातुर्मासातली. त्या वर्षी आषाढात आभाळ जे भरून आलं ते दीड महिना हटलं नाही. अनसिंगात सूर्य मावळतो कधी, हे कोंबड्यांनाही अंदाजानंच ठरवावं लागत होतं.

गुलाबबाईंचं मात्र अंदाजावर भागत नव्हतं. त्यांना चौविहार होता. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. किराणा दुकानदार चांदमलजींशी लग्न होऊन घरात आल्या त्याच वर्षी त्यांनी हा नियम घेतला, त्याला एकावन्न वर्षं झाली होती. बाळंतपणात मोडला नाही, लेकाच्या वरातीत मोडला नाही. सासू होती तोवर ती परसात उभी राहून चिंचेकडे बघायची, ऊन चिंचेच्या कमरेला आलं की म्हणायची, "आटपा आता." पुढं चिंच पडली आणि जैन स्थानकातून सूर्यास्ताच्या वेळांचं छापील कार्ड येऊ लागलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि कार्डावरचे आकडे मुंग्यांसारखे चालत.

एकावन्न वर्षांत आणखी एक गोष्ट झाली नव्हती. संध्याकाळचं जेवण नवरा-बायको एका पंगतीला जेवले नव्हते. दिवेलागणीच्या आधी दुकानावर गिऱ्हाइकाची गर्दी. चांदमलजी कुलूप लावून निघायचे तेव्हा सूर्य गेलेला असायचा. गुलाबबाई रोज दोन ताटं मांडायच्या, शेवटच्या घडीपर्यंत दाराकडे बघायच्या, मग एकट्या जेवायच्या.

आषाढात नातू श्रेयांस सुरतेहून आला तो टॅब घेऊनच. तिथं साड्यांच्या एका कंपनीत तो नोकरीला होता. चांदमलजींनी टॅब उलटासुलटा करून पाहिला.

"फोन खिशात मावते, टीव्ही भितीवर मावते. हे कुठी मावते बाप्पा?"

"दादाजी, रोजच्या कामाले आहे हे."

"माह्यं रोजचं काम तूरदाळ मोजनं. हे दाळ मोजते काय?"

"तुमच्यासाठी नाहीच आनला. आजीसाठी आनला."

श्रेयांसनं त्यात तिथी आणि सूर्यास्त दाखवणारं अ‍ॅप सुरतेहूनच भरून आणलं होतं. आकडे बोराएवढे मोठे, आणि सूर्यास्ताला घंटा वाजे. गुलाबबाई त्याला पाटी म्हणू लागल्या. लहानपणी शाळेत त्यांची पाटी फुटली तेव्हा वडिलांनी दुसरी आणली नव्हती आणि शाळा तिथंच संपली होती. ही पाटी त्यांनी जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवली.

दोन दिवसांत चमत्कार झाला. चांदमलजी घरी आले, आणि पाटी म्हणत होती की सूर्यास्ताला अजून पंधरा मिनिटं आहेत. ते हातपाय धुऊन समोर बसले. गुलाबबाईंनी दुसऱ्या ताटात भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कढी केली. नंतर रोजच कढी होऊ लागली.

ज्यांना टॅब म्हणजे पैशाची नासाडी वाटत होती, ते चांदमलजी आता दुकानात येईल त्याला सांगू लागले, "म्हाताऱ्या मानसाच्या घरी एक असाच पाहिजे."

पर्युषणाला दोन दिवस राहिले असताना आभाळ मोकळं झालं आणि लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी शेजारची चंपाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन परसातून चालली होती. ती बौद्धवाड्यातली, तिचं शेत गुलाबबाईंच्या परसाला लागून होतं आणि दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. चंपाबाईकडे कधी घड्याळ नव्हतं. कणभर अन्न वाया जाऊ नये म्हणून जैनांच्या घरी ताट धुऊन ते पाणी पितात; गुलाबबाई तसं पिताना दिसल्या की चंपाबाई घरी जाऊन डाळ शिजत घाली.

त्या दिवशी ती दारातच थांबली.

"गुलाबबाई, तुमी जेवून राह्यल्या काय?"

"मंग? अकरा मिनिटं आहेत अजून."

"कायची अकरा मिनिटं? सूर्य बुडाला, बाई. मीच पाह्यला बुडताना."

"पाटी सांगून राह्यली ना."

"मी महिनाभर म्हनतो, मीच लवकर येऊन राह्यली. तुमचं ताट धुवाची वाट पाहाता पाहाता माह्यी डाळ उशिरा शिजते. माह्यी सून साक्षी रोज तोंड फुगवते, म्हनते, आत्याबाई, तुमचं घड्याळ बिघडलं."

गुलाबबाई घास हातात घेऊनच अंगणात गेल्या. पश्चिमेला नुसता तांबूस पट्टा उरला होता. हातातला घास त्यांनी परत आणून ताटात ठेवला. खरी पंचाईत पुढं होती. ताट धुऊन प्यावं तर सूर्यास्तानंतरचं पाणी, न प्यावं तर उष्टं तसंच राहणार. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांना ताटाचं काय करावं ते कळेना. त्यांनी त्यावर झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

चांदमलजी खाली मान घालून भाकरी चावत होते.

रात्री फोनवर, सुरतेला परतलेल्या श्रेयांसनं सांगितलं. अ‍ॅपनं शहर विचारलं तेव्हा त्यानं सवयीनं सुरत लिहिलं होतं. सुरत पश्चिमेला, तिथं सूर्य वीसेक मिनिटं उशिरा मावळतो. म्हणजे दीड महिना गुलाबबाई अनसिंगात बसून सुरतेचा चौविहार पाळत होत्या.

पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. चांदमलजींनी गावभर हात जोडले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, आणि घरी येऊन गुलाबबाईंपुढं हात जोडले ते खाली घेईनात.

"मले तिसऱ्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "स्थानकाचं कार्ड गल्ल्यावरच टांगलेलं आहे."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू कढी करून राह्यली होती रोज. एकावन्न वर्षांत तुझ्यासंग बसून जेवलो नव्हतो."



"त्यासाठी माहा नेम मोडला. दुकान अर्धा तास लवकर बंद केलं असतं तर?"

चांदमलजींचे जोडलेले हात तसेच राहिले. पन्नास वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी दोघांचं ऐकून घेतलं. गुलाबबाईंना नकळत घडल्याबद्दल अकरा सामायिकं, म्हणजे ध्यानाच्या अकरा बैठका, सांगितल्या. चांदमलजींना जाणून घडल्याबद्दल वर्षभराचा चौविहार दिला.

चांदमलजी वर्षभर अर्धा तास आधी दुकान बंद करत राहिले. गिऱ्हाइकं पहिल्या आठवड्यात कुरकुरली आणि दुसऱ्या आठवड्यापासून अर्धा तास आधी येऊ लागली. वर्ष संपलं तरी त्यांनी नेम सोडला नाही. आता रोज बायकोसमोर जेवतात आणि रोज सांगतात, भाजीत मीठ कमी आहे. गुलाबबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कार्ड त्या स्वतः वाचतात. चंपाबाईची डाळ पुन्हा वेळेवर शिजते, पण साक्षीनं सासूला भिंतीवरचं घड्याळ आणून दिलंच. ते नेहमी दहा मिनिटं मागं असतं. श्रेयांसचं लग्न झालं, तो अजून सुरतेलाच आहे. प्रत्येक सुट्टीत येतो आणि म्हणतो, "आजी, आन तो टॅब, शहर बदलून देतो."

"राहू दे," गुलाबबाई म्हणतात.

जेवण झालेलं असतं, ताटं धुऊन पाणी पिऊन झालेलं असतं, अनसिंगचा सूर्य गेलेला असतो. मिठावरून जे बोलायचं ते बोलून होतं. तरी दोघं पाटावरून उठत नाहीत. पाटीची घंटा वाजायची असते. सुरतेचा अजून मावळलेला नसतो.