तिसऱ्या मजल्यावरचा शर्ट

बायको गेल्याचं टेलरकाकांना दुकानात कळलं. सकाळचे अकरा वाजले होते. एक बँकवाला ट्रायलसाठी उभा होता आणि काका गुडघ्यावर बसून त्याच्या पँटची उंची खडूने आखत होते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर दारात आला आणि तसाच उभा राहिला, तेव्हाच काकांनी ओळखलं. ती नुसतं ब्लडप्रेशर तपासायला गेली होती. बाकावर नंबर लावून बसली आणि बसल्या जागी गेली. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली. बँकवाला पाय न हलवता उभा होता, आणि काकांनी, का कोण जाणे, उठण्याआधी त्याच्या दुसऱ्या पायावरही खूण करून घेतली.

एक्केचाळीस वर्षं दुकान दोघांनी मिळून चालवलं. मापं, कापणं आणि मशीन काकांचं. काजं, बटणं आणि हातशिलाई तिची. काजाच्या टोकाला ती शेवटचा टाका दोनदा घ्यायची, त्यामुळे तिथे मोहरीएवढी गाठ यायची. काका पहिली दहा वर्षं त्या गाठीवरून कुरकुरले. मग गिऱ्हाइकं तसलंच काज मागायला लागली आणि काका गप्प बसले.

पंधरा दिवसांनी मुलाने विषय काढला. तो नदीपलीकडच्या नव्या भागात राहत होता. दोन खोल्या, दोन मुलं आणि बाल्कनीत सायकली. 'आमच्याकडे राहायला या' असं तो म्हणाला नाही. निदान खोटं तरी बोलला नाही, एवढं श्रेय काकांनी त्याला दिलं. त्याचं म्हणणं असं, की त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठांसाठी एक मोठा प्रकल्प झाला आहे. एकदा आत गेलं की पुढे हातपाय चालेनासे झाले तरी दुसरीकडे जावं लागत नाही, शेवटपर्यंत तेच सगळं बघतात. अट दोन गोष्टींची. माणूस स्वतःच्या पायांनी चालत आत आला पाहिजे, आणि पंच्याहत्तरी उलटलेली नको. काकांची पंच्याहत्तरी पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला होती.

"म्हणजे दोन तारखेला मी माणूस, आणि तीन तारखेला रद्दी," काका म्हणाले.

नियम सगळीकडे तोच आहे, असं मुलगा म्हणाला. ते खरं होतं आणि तीच पंचाईत होती. तारीख गेली की दुकानामागच्या खोलीत एकट्याने पडून राहायचं, नाहीतर मुलाच्या हॉलमधल्या सोफ्यावर, नातवंडांच्या टीव्हीसमोर, सगळ्यांच्या पायात.

अशी एक जागा काकांनी पूर्वी पाहिली होती. मागच्या वर्षी बायको हट्टाने घेऊन गेली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसडेपोच्या मागे, जुनी बैठी इमारत. मुलाच्या घरापासून दीड तास. फाटकाला कडी नव्हती, तार गुंडाळली होती. भिंतीचा गिलावा सुटलेला. इथे माणसं ठेवतात की जुन्या फायली, असं काका तिथल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते. ती परसात बराच वेळ रेंगाळली. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "ठीक होतं." काका त्यावरही हसले होते.

मुलगा आणि सून काकांना नदीपलीकडचा प्रकल्प दाखवायला घेऊन गेले. तिथल्या फाटकाला तार नव्हती. तिथे कारंजं होतं. भिंतीवर एक भला मोठा फोटो होता, त्यात पांढऱ्या केसांचं जोडपं सायकलवर बसून खदखदून हसत होतं. एवढे ठणठणीत असतील तर ते इथे कशाला येतील, असा प्रश्न काकांना पडला. तो त्यांनी सुनेला विचारला. सुनेने फोटोकडे बघणं बंद केलं.

मॅनेजरबाई चुणचुणीत होत्या. इथे कोणालाही म्हातारं म्हणत नाहीत, 'ज्येष्ठ मित्र' म्हणतात, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत तीनदा सांगितलं. पहिल्या मजल्याचं नाव 'स्वावलंबन'. दुसऱ्याचं 'साथ'. तिसऱ्याचं 'शुश्रूषा'. काकांनी आपल्यापुरता हिशेब मांडला: पहिल्यावर चालत, दुसऱ्यावर धरून, तिसऱ्यावर उचलून.

"आणि चौथ्यावर?" त्यांनी विचारलं.

"चौथा नाहीये, काका. वर पाण्याची टाकी आहे."

मुलगा खोकला.

नमुन्याची खोली दाखवली. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. पडदे तिरके कापलेले, म्हणून एका बाजूला झोळ. काकांनी ते बोटाने दाखवलं. व्यायामशाळा दाखवली, वाचनालय दाखवलं. वाचनालयातली सगळी पुस्तकं एकाच उंचीची होती. काकांनी तिसरा मजला बघायचा म्हटलं. त्याची तुम्हाला आत्ता गरजच नाही, असं मॅनेजरबाई हसून म्हणाल्या. काका म्हणाले, मी जन्मभर लोकांना सांगत आलोय की कोट घ्यायचा तर आधी अस्तर दाखवा म्हणायचं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वर लांबलचक दालन होतं. दोन्ही बाजूंना खाटा, मधे चाकांच्या खुर्च्या. काकांना आधी माणूस दिसला नाही, शर्ट दिसला. राखाडी, बारीक रेघांचा, दोन खिशांचा. एक खिसा चष्म्याला, एक पेनांना. असे दोन खिसे त्यांच्याकडे एकच माणूस लावून घ्यायचा. काका पुढे गेले आणि खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावर मागून हात ठेवला.

"हेडमास्तर, ओळखलंत का?"

"हो, हो. बसा ना," तो माणूस म्हणाला आणि वळला. तो हेडमास्तर नव्हता. काकांनी त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

हेडमास्तरांचा डावा खांदा इंचभर उतरलेला होता. काका त्यांचा शर्ट त्या बेताने कापायचे, म्हणजे अंगावर गेला की सरळ दिसे. या माणसाचे खांदे सरळ होते, म्हणून शर्ट एका बाजूला ओढला गेला होता. समोर पाच काजं होती आणि पाचांच्या टोकाला मोहरीएवढी गाठ. काका वाकून ती बघत राहिले. त्या माणसाला वाटलं आपल्याशी काही काम आहे, तो पुन्हा म्हणाला, "बसा ना."

"टेलर, इकडे," खिडकीकडून हाक आली.

हेडमास्तर तिथे खाटेवर होते. कमरेचं हाड मोडून वर्ष झालं होतं. डोकं मात्र शाळेत होतं तसंच चालत होतं. अंगात आकाशी गाऊन. गाऊनला समोर पाच गोल बटणं होती आणि काज एकही नव्हतं. काकांनी कड उचलून पाहिली. आत वेल्क्रोची चिकटपट्टी. बटणं नुसती वरून डकवलेली.

मॅनेजरबाईंनी खुलासा केला, की बटणं लावत बसलं तर एका माणसाला जो वेळ जातो, त्यात चिकटपट्टीने चौघांचे कपडे होतात. पण एकदम काढून टाकली तर बरं दिसत नाही. सन्मान वाटावा म्हणून ठेवली आहेत.

"कोणाला?" काकांनी विचारलं.

बाई सुनेशी बोलायला लागल्या.

हेडमास्तरांनीच मग सांगितलं. बुधवारी आणि शनिवारी धुतलेले कपडे मोठ्या गाडीतून येतात. ज्याला जो बसेल तो घालतात, न बसला तर गाऊन. "माझे आठ शर्ट आहेत या मजल्यावर," ते म्हणाले. "फिरत असतात. परवा त्या कोपऱ्यातल्याच्या अंगावर निळा पाहिला. बरं वाटलं, अजून टिकून आहे."

"तक्रार नाही केलीत?"

"केली की. नाव लिहायला पेन दिलं मला. दोन धुण्यांत नाव गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काकूंना सांगा, सात वर्षांत एक बटण तुटलेलं नाही."

"सांगतो," काका म्हणाले.

खाली ऑफिसात चहा आला. काका टेलर आहेत हे मॅनेजरबाईंना आता कळलं होतं आणि त्यांना भलताच हुरूप आला होता. काकांनी इथे राहून गाऊन शिवून द्यावेत, वेळही छान जाईल, मासिकात फोटोही येईल, असं त्यांनी सुचवलं. काकांनी चहा बाजूला सरकवला आणि एकच मागणी केली: मला तिसऱ्या मजल्यावर नेलंत तरी माझे शर्ट माझ्याच अंगावर राहतील, असं करारात लिहा. बाईंनी करार वरपासून खालपर्यंत चाळला. त्यात कारंजं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालू राहील हे होतं. कपड्यांचं कलम नव्हतं, आणि नवीन कलम घालायला जागा नसते, असं त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मुलाने इतका वेळ आत धरून ठेवलेलं बोलून टाकलं.

"शर्टावरून, बाबा? एवढी जागा तुम्ही शर्टावरून सोडणार?"

"शर्टावरूनच."

"तुम्ही तिथे वर जाल तेव्हा अंगात काय आहे ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"हेडमास्तरांना कळतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बसडेपोच्या मागे गेले. फाटकाची तार तशीच होती. गिलावा आणखी सुटला होता. कोणी अडवलं नाही, म्हणून ते सरळ परसात गेले. तिथे दोऱ्यांवर कपडे वाळत होते, आणि काकांनी सवयीने जवळच्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली. आत लाल दोऱ्याने दोन अक्षरं टाचली होती. टाका बेंगरूळ होता, पण पक्का होता.

"ओ, सोडा तो," कपडे धुणारी बाई बादली घेऊन आली. "तुमचा आहे का?"

"नाही."

"मग हात कशाला लावता? पाच नंबरच्या आजोबांचा आहे. दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही त्यांना, दिवसभर मला बोलतात."

काकांनी शर्ट सोडला. पाच नंबरचे आजोबा चालतात का, असं त्यांनी विचारलं. तीन वर्षं उठले नाहीत, असं ती म्हणाली, आणि काकांना बाजूला ढकलून तिने त्यांच्या हाताने चुरगळलेली कॉलर सरळ केली. मागच्या वर्षी बायको इथे बराच वेळ कशासाठी उभी होती, ते काकांना तेव्हा कळलं. तिने बसमध्ये सांगितलं नव्हतं, कारण काका हसत होते.

ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक पंखा. काकांनी तिथेच बसून फॉर्म भरला. मुलाला त्यांनी दुकानातून फोन केला. तो दीड तास, दीड तास म्हणत राहिला. आपल्याला यायला जमायचं नाही, लोक काय म्हणतील, दहा मिनिटांवरचं सोडून तुम्ही मुद्दाम लांब निघालात. काकांनी त्याला सांगितलं की दहा मिनिटांवरून रोज येणार होतास का, ते आधी स्वतःला विचार. त्यावर मुलाने फोन ठेवला.

काकांनी सहा शर्टांच्या कॉलरला आतून आपली अक्षरं टाचली. पाच नंबरच्या आजोबांच्यापेक्षा बरी आली.

तीन तारखेला आता पाच दिवस उरले आहेत. फॉर्म दुकानात मशीनवर पडला आहे. त्याच्या शेवटच्या पानावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मुलाने ती अजून केलेली नाही.