चेरीची वाटणी

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, म्हणतात. तो तिसरा मला एकदा दाखवा. टेकडीच्या अलीकडे इंग्लंडच्या राजाची छावणी, पलीकडे त्याच्याशी लढणाऱ्या पार्लमेंटची, मध्ये माझं घर. घरात दोन वर्षांची आईविना पोर, माझी नात अ‍ॅग्निस. ती जगत होती आमच्या चेरी गाईच्या दुधावर.

सोमवारी राजाचे शिपाई चेरीला घेऊन गेले आणि तिच्या उजव्या पुठ्ठ्यावर डांबराने मुकुट काढला. धारेची वेळ झाली तशी ती दावं तोडून घरी आली. बुधवारी पार्लमेंटवाल्यांनी नेली, डाव्या पुठ्ठ्यावर फुली मारली. संध्याकाळी बाई पुन्हा दारात. वाटलं, या दोघांपेक्षा माझ्या गाईला जास्त अक्कल आहे. अ‍ॅग्निसला मी पोटभर दूध पाजलं.

शुक्रवारी दोन्हीकडचे मेलेले पुरायला अर्धा दिवस लढाई थांबली. दफनभूमी माझ्या कुंपणाला लागूनच. राजाचा सार्जंट क्लेमंट आणि पार्लमेंटचा ओबाडाया, दोघे कुदळी टेकून उभे होते, तेवढ्यात चेरी हंबरली.

"ही तर आमची," क्लेमंट म्हणाला. "काय गं म्हातारे, राजाची गाय चोरलीस?"

"डोळे फुटले का तुझे? इकडची फुली बघ," ओबाडाया म्हणाला. "आजी, तुम्ही तरी देवाला भ्यायचं."

"दोघंही शहाणेच," मी म्हणाले. "वासरू होती तेव्हापासून मी वाढवलीय तिला. आत माझी पोर आहे, तिला विचारा गाय कोणाची ते."

तिला कोणी विचारलं नाही. दोघे बाजूला जाऊन कुजबुजले. तीन वर्षं राजा आणि पार्लमेंट यांचं एका शब्दावर एकमत झालेलं नाही. माझ्या गाईचं मात्र तिथल्या तिथे मिटलं: पुढचा भाग राजाला, मागचा पार्लमेंटला. माझ्याच अंगणात कापली. क्लेमंटची सुरी बोथट निघाली, तर ओबाडायाने आपली दिली. मी शिव्या देत राहिले, माझा घसा बसला.

"धीर धरा, आजी," जाताना ओबाडाया म्हणाला. "आम्ही लढतोय ते तुमच्यासाठीच."

क्लेमंटनेही मान डोलावली.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. अ‍ॅग्निस रोजच्यासारखी वाटी घेऊन दारात जाऊन बसली.