पायडल जड झालं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालणारी. रंग उडालाय, पण सुई अजून सरळ चालते. हे आधीच सांगते, कारण मध्यंतरी माझ्यावर भलताच आळ आला होता.

कारखान्यातून मी माझ्या मालकिणीकडे आले तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. खिडकीपाशी बसून तिने माझ्यावर अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. "बाईंच्या हातात जादू आहे," गिऱ्हाइकं म्हणत. तिच्या पायांचं कौतुक कुणी केलं नाही, माझं तर नाहीच! पाच वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार झाले आणि ती पुन्हा कामाला लागली. त्या आजाराचं नाव मग घरात कुणी काढत नसे.

मागच्या वर्षी तिची पाठ दुखू लागली. आडवी झाली तरी दुखायची. "वाकून वाकून दुखणारच," म्हणत ती मलम चोळायची. मग तिला पायडल जड लागायला लागलं.

"म्हातारी झालीय मेली," ती मला म्हणाली. मला फार लागलं ते. तिने दोनदा तेल घातलं, पट्टा बदलला आणि शेवटी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं.

काकांनी एका हाताने पायडल दाबलं. मी भुर्रकन फिरले.

"वहिनी, मशीन झकास आहे. तुम्ही बसा बघू."

ती बसली. चार टाके पडले आणि पाय घसरला.

"अहो, तुमची चप्पल निघाली की!"

तिने खाली पाहिलं. चप्पल कधीच गळून पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

काकांचा आवाज उतरला. "खोट मशीनमध्ये नाही, वहिनी. आजच्या आज डॉक्टर गाठा."

माझ्यावरचा आळ गेला, पण आनंद कसला! मला हातपाय नाहीत, नाहीतर तेही गळाले असते.

पुढचं मला तिच्या नणंदेच्या बोलण्यातून कळलं. कॅन्सर मणक्यात पसरला होता आणि तिथली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. आणखी उशीर झाला तर पाय कायमचे जातील, असं सर्जनबाईंनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. त्यांनी मज्जारज्जूवरचा दाब काढला आणि खिळखिळा झालेला मणका स्क्रू आणि सळ्यांनी पक्का बांधला.

नणंद डबा न्यायला घरी आली होती तेव्हा तिच्या भावाचा, म्हणजे मालकिणीच्या नवऱ्याचा, दवाखान्यातून फोन आला.

"हलवले? दोन्ही पाय? दादा, खरं सांगतोस ना?"

फोन ठेवून ती माझ्यापुढच्या स्टुलावर बसली आणि मनसोक्त रडली. "सुटलो बाई!" म्हणाली. मीही सुटले.

मग तीन महिने माझ्यावर धूळ साचली, गोळ्यांची पाकिटं साचली. मी एकदाही कुरकुरले नाही. कॅन्सर गेलेला नाही, रेडिएशन झालं, औषधं चालूच आहेत. पण मालकीण काठी घेऊन घरभर फिरते आणि स्वयंपाकघरात लुडबुडून नणंदेची बोलणी खाते.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला तेलपाणी करा. पण कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ सतत दुखली, पाय जड झाले, तर तेलाची बाटली शोधत बसू नका. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या.

काल तिला दहा मिनिटं माझ्यापुढे बसायची परवानगी मिळाली. तिने अनवाणी पाय माझ्या लोखंडी पायडलवर ठेवले आणि दचकली.

"अगंबाई, केवढं गार लागतंय!"

नणंद मोजे आणायला धावली.

"राहू दे गं," मालकीण म्हणाली. "लागू दे गार."