बाईंच्या नावातला चष्मा

मित्रांनो, मी जुना आहे, जाड आहे आणि थोडा तिरसटही आहे. मी एक चष्मा आहे. माझी भिंगं सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी दिसतात, आणि कुणी हसत हसत तसं म्हटलं तर मला अजूनही राग येतो. अहो, अशी भिंगं घडवणं म्हणजे काय खायचं काम आहे? माझ्या कारागिराने कडा पुन्हा पुन्हा घासल्या, काड्या गरम करून वळवल्या, मला उजेडात धरून निरखलं आणि मगच माझ्या बाईंच्या नाकावर चढवलं.

माझ्या बाई शिक्षिका. त्यांची शाळा निराळी. तिथल्या मुलांना ऐकू येत नाही, किंवा अगदी थोडं येतं. ती बाईंच्या ओठांकडे बघून शब्द ओळखतात आणि तसेच ओठ हलवून बोलायला शिकतात. 'प' शिकवताना बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरत. ओठ मिटून उघडले की पट्टी फडफडे. मग प्रत्येक मूल आपापल्या पट्टीशी झटापट करत बसे. एकेका अक्षराला आठवडा जाई, पण बाई कधी वैतागल्या नाहीत. इतकं चिकाटीचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आता मी दुसऱ्या कुणाच्या नाकावर बसलोच नाही, हा भाग वेगळा.

मी जड, त्यामुळे सारखा घसरायचो. बाई एका बोटाने मला वर ढकलत. मुलांनी तेच बाईंचं नाव करून टाकलं. त्या शाळेत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सतत घड्याळ बघत, म्हणून त्यांचं नाव मनगटावर दोन टिचक्या. आणि आमच्या बाईंचं नाव म्हणजे नाकाच्या दांडीवर टेकवलेलं बोट. म्हणजे बघा, बाईंच्या नावातच मी होतो! मला मान असती तर ती ताठ झाली असती.

बाईंची एक सवय मात्र मला आवडत नसे. त्यांचे पुढचे दात एकावर एक चढलेले होते. लहानपणी त्यावरून फार चिडवाचिडवी झालेली, म्हणून हसू आलं की त्यांचा हात आपोआप तोंडावर जाई. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. ती सगळ्यांकडे टक लावून बघे, म्हणून शिक्षक तिला टकमक म्हणत. एकदा बाई अशाच तोंडावर हात धरून हसल्या. टकमक उठली, तिने तो हात खाली ओढला आणि तुटक शब्दांत, अर्धं खुणांनी विचारलं, "हातामागे काय बोलता? आम्हाला नाही सांगायचं?"

बाई लपवत होत्या दात, आणि मुलांना वाटत होतं की बाई बोलणं लपवतात. घरी येताना त्या रडल्या. माझी भिंगं आतून ओली झाली, समोरचा रस्ता दिसेना. मला बाईंचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. धाकट्या बहिणीने चेष्टा केली, की ताई, तुझ्या वयाला लोक कवळीची चौकशी करतात आणि तू तार लावायला निघालीस! बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसाचे दात हलायला वेळ लागतो आणि दुखतातही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी एकेका दातावर छोटा चौकोन चिकटवला आणि त्यातून तार ओवली. त्या रात्री बाईंना भातसुद्धा चावेना. पुढे प्रत्येक वेळी तार आवळली की तीच गत. पण शाळा त्यांनी एक दिवस बुडवली नाही.

आणि तिथेच घोळ झाला. तारेमुळे बाईंचा वरचा ओठ फुगला. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ नीट मिटेनात. मुलं काय, बाईंचं तोंड बघूनच शिकणार! त्यांनी जिभा वरच्या ओठाखाली खुपसल्या, ओठ बाईंसारखे फुगवले आणि तसंच बोलायला लागली. मोठ्या बाई वर्गात आल्या, तर सगळा वर्ग मधमाश्या डसल्यासारखा ओठ फुगवून 'पाणी' म्हणत होता. पट्टी एकाचीही हलत नव्हती. मोठ्या बाईंनी आमच्या बाईंना बाजूला घेतलं. मुलांची महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात चालली आहे. एकतर तार काढा, नाहीतर तार आहे तोवर वर्ग सोडून कार्यालयात बसा, असं त्या म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हो. मुलांचंच बघत होत्या.

बाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा आरसा वर्गात आणून ठेवला, मुलांना जवळ बसवलं आणि दोन बोटांनी आपला ओठ वर धरला. तार, चौकोन, एकावर एक चढलेले दात, सगळं उघडं. आरशात मला बाईंचा चेहरा लालबुंद झालेला दिसला. ज्या गोष्टीसाठी जन्मभर तोंडावर हात धरला, ती त्या सगळ्या वर्गाला दाखवत होत्या. मित्रांनो, हिंमत म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

"ही तार माझी आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "तुमच्या तोंडात तार नाही. तुम्ही ओठ मिटा."

मुलांनी आरशात स्वतःचे फुगलेले ओठ पाहिले, मग एकमेकांचे पाहिले, आणि जो काही हशा पिकला! बाईंनाही हसू फुटलं. हात सवयीने वर निघाला. टकमकने तो वरच्या वर धरला. आणि बाई तशाच हसल्या, तारेसकट. दात अजून वाकडेच होते, पण हात त्यानंतर पुन्हा तोंडावर गेला नाही. दुपारपर्यंत पट्ट्या फडफडायला लागल्या आणि वर्ग बाईंकडेच राहिला.

आता माझी पाळी आली. मुलांनी बाईंची चित्रं काढून भिंतीवर लावली. सगळ्या चित्रांत मी सर्वांत मोठा, म्हणून मी खुशीत होतो. मग नीट पाहिलं. प्रत्येक चित्रात दोन पांढरी वर्तुळं होती आणि आत डोळेच नव्हते. खिडकीचा उजेड माझ्या जाड भिंगांवर चमकायचा आणि मुलांना बाईंचे डोळे दिसायचेच नाहीत. ओठांइतकंच ती डोळ्यांवरून बोलणं ओळखतात. म्हणजे आता मीच आड येत होतो. मला ते फार लागलं, पण खोटं कसं म्हणू?

बाई ती चित्रं बराच वेळ बघत राहिल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्या झाल्या, बुबुळाची जाडी मोजली, लेझरने नंबर घालवता येईल असं ठरलं. बाई घाबरल्या नाहीत असं नाही. मुलांचं निम्मं बोलणं त्यांच्या हातांवर असतं; डोळ्यांना काही झालं तर ते कसं कळणार, असं त्या बहिणीला म्हणाल्या. तरी ठरल्या दिवशी त्या लेझरच्या खोलीत गेल्या. जाताना मला काढून बहिणीच्या हातात दिलं. बहिणीने मला इतकं घट्ट धरलं की माझी एक काडी वाकली. मी मुळीच कुरकुर केली नाही.

बाई लवकरच बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सगळं धुरकट दिसत होतं. घरी आल्यावर त्या डोळ्यांवर पारदर्शक झाकणं चिकटवून झोपल्या. सकाळी बहिणीने झाकणं काढली, थेंब घातले, थोडा वेळ डोळे मिटून ठेवायला सांगितलं आणि ती चहा ठेवायला गेली. बाईंनी रोजच्यासारखं उशाशी चाचपडलं, मी हाताला लागलो, त्यांनी डोळे उघडण्याआधीच मला चढवलं. आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. भिंत, खिडकी, दार, सगळं फुटल्यासारखं. त्यांनी बहिणीला हाक मारली आणि सांगितलं, की मला काहीच दिसत नाही, आता मुलांचं कसं होणार?

बहीण धावत आली आणि तिने ताईच्या नाकावर मला बघितलं. मग हसत, डोळे पुसत म्हणाली, "ताई, चष्मा काढ."

बाईंनी मला काढलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे. पानं मोजता येतील इतकं स्वच्छ दिसत होतं. जन्मभर मी त्यांना जग दाखवलं, आणि त्या सकाळी माझ्यातूनच ते दिसेनासं झालं होतं. वाईट वाटलं, मित्रांनो. पण बाईंचा तो चेहरा बघितल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करू?

आता मी वर्गातल्या टेबलाच्या खणात असतो. बाईंची तार निघाली, दात ओळीत आले. भिंतीवरच्या नव्या चित्रांत बाईंना डोळे आहेत, पापण्यांसकट. मी मात्र एकाही चित्रात नाही. आपल्याला सगळे विसरले, असं मी धरून चाललो होतो.

परवा खण उघडला. नवी मुलं आली होती. त्यांच्यातल्या एकाने बाईंचं नाव घेतलं, नाकाच्या दांडीवर बोट टेकवून, आणि खुणेनेच विचारलं, की हेच नाव का? नाकावर तर काहीच नाही! टकमक आता वरच्या वर्गात आहे, धाकट्यांना मदत करायला येते. तिनेच मला काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि बाईंना दिलं. बाईंनी मला नाकावर चढवलं. मी घसरलो. बोट वर आलं. मुलांना नाव कळलं, आणि बाई सगळे दात दाखवत हसल्या.

तेव्हा मित्रांनो, चष्मा असेल तर तो सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, भिंगांवर पालथा ठेवू नका. आणि दात कसेही असोत, हसताना तोंडावर हात धरू नका. समोर कुणीतरी तुमच्या ओठांकडे बघत असेल.