सैल झालेल्या गुडघ्याची कबुली

मित्रांनो, मी एक काढून टाकलेला गुडघा आहे. अंधेरीतल्या एका डॉक्टरांच्या कपाटात असतो. मला हातात घेऊन ते शिकाऊ डॉक्टरांना सांगतात, "हा सैल झालेला." अशी ओळख करून दिल्यावर माणूस तोंड लपवतो. मला तर तोंडही नाही.

माझे भाग दोन. मांडीच्या हाडावर बसणारी धातूची टोपी आणि नडगीवरची बैठक, तिच्यावर पांढरं प्लास्टिक. एक्क्याऐंशी साली खास सिमेंट लावून मला गोराईच्या सोनूबाईच्या उजव्या पायात बसवलं. ती खाडीपलीकडे, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची. मी आल्यावर ती काठीवाचून होडीतून उतरली आणि बाजारात लुगडं जरा वर करून तिने मला मिरवलं. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

डॉक्टरांनी बजावलं होतं की उकिडवं बसायचं नाही. म्हणून तिच्या सुनेने, मालनने, स्टूल आणून दिलं. पण बाजारात साऱ्या जणी जमिनीवर उकिडव्या, टोपलीला टेकून. तिची जाऊ कृष्णाबाई म्हणाली, "म्हावरं इकतेस का कचेरी भरवतेस गो?" सगळ्या खदखदल्या. दुसऱ्या दिवशी स्टूल घरी राहिलं आणि सोनूबाई खाली बसली.

तेवढं वाकायला मी घडलोच नव्हतो. हळूहळू नडगीकडचं सिमेंट सुटलं. मी हलत्या दातासारखा डुगडुगायला लागलो आणि प्रत्येक हेलकाव्याला तिचं हाड खरवडत गेलो. जिला उभं करायला आलो, तिलाच आतून पोखरत होतो. मला दुखण्याखेरीज दुसरी भाषा येत नाही. मी दुखलो. तिने तेल चोळून मला गप्प बसवलं आणि घरात कुणाला कळू दिलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली होडीतून उतरताना तिचा पाय लचकला, तेव्हा मालनने तिला अंधेरीला आणलं. एक्स-रेमध्ये माझ्या खाली काळी रेघ दिसत होती, सिमेंट आणि हाड यांच्यात पडलेली फट. किती दिवस दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं.

"परवापासना," सोनूबाई म्हणाली.

"आय, खरं सांग," मालन म्हणाली.

सोनूबाईने एक्स-रेमधल्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दोन वर्सं."

डॉक्टरांनी लपवलं नाही. मला काढताना आणखी हाड गेलं, तर नवा गुडघा धरणार नाही. मग पाय कायमचा ताठ सांधावा लागेल. म्हणजे होडी बंद आणि बाजारही.

त्यांनी जुन्या व्रणावरच चीर दिली. नडगीची बैठक बोटांनीच उचलून आली; इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि मांडीवरची टोपी? ती सुटेचना. जिथे टिकायचं तिथे ढिला पडलो, निघायचं तिथे चिकटून बसलो. मदतनीस डॉक्टरने हातोडी उचलली.

"ठेव ती," डॉक्टर म्हणाले. "धातू दुसरा मिळेल. हाड कुठून आणशील?"

मग त्यांनी धातू आणि सिमेंट यांच्यामध्ये बारीक करवत घातली, पातळ छिन्न्या घातल्या. जरा या बाजूने, जरा त्या बाजूने. घाई अजिबात नाही. शेवटी मी निघालो, तेव्हा माझ्याबरोबर हाडाचे चारच कण आले. त्यांनी जुनं सिमेंट टिपून काढलं, कमरेचं थोडं हाड आणून खड्डे भरले आणि लांब दांडीचा नवा गुडघा बसवला. तो धरला.

तिसऱ्या दिवशी सोनूबाईने मला बघायला मागितलं. आता शिव्या मिळणार, असं मी धरून चाललो होतो. तिने मला उलटसुलट केलं, प्लास्टिकच्या झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवला.

"तू सांगत व्हतास," ती म्हणाली. "मीच आयकलं नाय."

मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, दुखतंय का?

"नाय," ती सवयीने म्हणाली. मग हातातल्या माझ्याकडे बघितलं. "दुखतंय. लई दुखतंय."

मित्रांनो, हा शब्द बोलायला तिला दोन वर्षं आणि एक गुडघा लागला. कुणी हसलं तरी चालेल, तुम्ही तो पहिल्याच दिवशी बोला.