येडा बॉल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. सकाळच्या सरावात मेघाने विसाव्यांदा बॉल टाकला आणि विसाव्यांदा तो गिरक्या घेत गेला.

“अगं, नखं रुतव, नखं!” दिपमालाअक्का ओरडल्या. “मनगट ताठ. आणि फेकू नको, ढकल.”

“ढकलतेच आहे ना अक्का.”

“मग फिरतोय कशाला तो? फिरू नये म्हणून तर एवढा खटाटोप!”

अक्कांना सदुसष्टावं लागलं होतं. जळगावच्या शाळेत तीस वर्षं मुलींना खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या, तरी मुलींच्या बेसबॉलच्या सरावाला सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी हजर असत. आजवर त्यांनी शेकडो मुलींना सगळं शिकवलं होतं. फक्त स्वतःचा बॉल तेवढा शिकवायचा राहिला होता.

कॉलेजात सॉफ्टबॉल खेळताना तो त्यांच्या हाताला गवसला. हवेतून जाताना जराही फिरायचा नाही, शिवणीचे टाके मोजून घ्यावेत इतका स्थिर. आणि बॅटरजवळ पोचता पोचता एकदम लडखडायचा. कधी डावीकडे, कधी खाली. कुठे जाईल हे टाकणारीलाही ठाऊक नसे. मुली त्याला येडा बॉल म्हणत. त्याचं अमेरिकेतलं नाव नकलबॉल आहे, हे मेघाने मोबाइलवर शोधून सांगितलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, “तिकडे असेल. इथे तो येडाच.”

येड्याची एकच अडचण होती. तो पकडायला जैनबच लागे. जैनब त्यांची कॅचर आणि जिवाची मैत्रीण. ती लग्न होऊन धुळ्याला गेली आणि पुढच्याच सामन्यात येडा बॉल नव्या कॅचरच्या खांद्यावर बसला, मग कपाळावर, मग थेट कुंपणाला. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी फर्मावलं, “पकडणारी नाही, तर हा बॉलही नाही.” त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. आता अक्कांच्या बोटांची पेरं सुजू लागली होती, चहाचा कप धरतानाही कुरकुरत. बोटं पुरती आखडायच्या आत आपल्या येड्याने खऱ्या सामन्यात पुन्हा एकदा तरी बॅटर बाद झालेली पाहायची, एवढंच त्यांना हवं होतं.

आखाजीला मेघाने त्यांना नशिराबादला घरी जेवायला बोलावलं. अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं, मेघाची आजी भिकुबाई पाटावर बसलेली, आणि मांडे करायला स्वतः मेघा. पुरण भरलेला गोळा तिने तळहातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवला, हात खापरावर नेले आणि सोडला. सुरकुतीसुद्धा पडली नाही.

अक्का रसाची वाटी हातात धरून बघतच राहिल्या.

“आजी, हिला हे तुम्ही शिकवलं?”

“मंग कोन?” भिकुबाईंचं माहेर नरडाण्याकडचं, बोलणंही तिकडचंच, अहिराणी. “पसारता बठ्ठ्यासले येस. सोडता येवाले जोयजे. दोन्ही हात संगेच सोडना पडतस. एक मांगे राह्यना का मांडा गया!”

पसरवणं सगळ्यांनाच येतं, सोडता आलं पाहिजे! अक्कांनी वाटी खाली ठेवली. चार महिने त्या मेघाला धरायला शिकवत होत्या. नखं कुठे, अंगठा कुठे, मनगट कसं. सोडायचं कसं, हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांना स्वतःला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

“मेघा, बॉल आण.”

“अक्का, हात पिठाचे आहेत.”

“असू देत! मांडा सोडतेस तसा सोड. सगळी बोटं एकदम. एकही मागे रेंगाळायला नको.”

मेघाने गोठ्याच्या भिंतीकडे बॉल टाकला. टाके जागच्या जागी राहिले. अर्ध्या वाटेत तो थबकल्यासारखा झाला आणि डावीकडे घसरून पाण्याच्या माठावर आदळला. माठ फुटला.

“माय वं!” भिकुबाई म्हणाल्या.

अक्का मात्र टाळ्या पिटत होत्या.

पंधरा दिवसांनी धुळ्यात सामना झाला. पहिल्याच डावात मेघाने येडा टाकला, धुळ्याची बॅटर हवेत बॅट फिरवून गरकन वळली आणि बॉल हेमांगीच्या ग्लोव्हला चाटून मागे पळाला. हेमांगी ही जळगावची कॅचर, अंगाने दणकट, पण दुसऱ्यांदाही तो सुटला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव संपल्यावर तिने मास्क बाकावर आपटला.

“अक्का, मला हा बॉल नको. मी आडवी पडले तरी हाती लागत नाही.”

अक्का मनातून खचल्या. पुन्हा तेच. पकडणारी नाही, तर बॉलही नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवरून हाक आली, “ए दिपे!”

या वयात त्यांना दिपे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पांढऱ्या केसांवर ओढणी सावरत, गुडघ्यावर हात ठेवत जैनब एकेक पायरी उतरत होती.

“बॉल बघितला आणि ओळखलं. तुझ्याशिवाय हा येडेपणा कोण शिकवणार?”

“अगं, तू इथे कशी?”

“धुळं माझं आहे, कशी काय विचारतेस! नात खेळते माझी, सादिया. चार नंबरला येते ती.” जैनबने हेमांगीकडे पाहिलं. “रडतेस कशाला गं? तू त्याच्या मागे धावतेस, तो पळतो. पकडायला जायचंच नाही. ग्लोव्ह खाली, उघडा, आणि बसून राहायचं. अगदी जवळ आला की मग हालायचं. घाई करशील तर चुकशील.”

समोरून सादिया हेल्मेट काढून ओरडली, “दादी! आप किसकी तरफ हो?”

“बॉल की तरफ!” जैनब म्हणाली आणि अक्कांच्या शेजारी ठाण मांडून बसली.

शेवटचा डाव. जळगाव एका रनने पुढे, धुळ्याच्या दोघी बाद, तिसऱ्या बेसवर एक उभी, आणि बॅटवर सादिया. तिने आधी दोनदा मेघाचे साधे बॉल कुंपणापर्यंत टोलवले होते. साधा टाकावा तर ती मारणार. येडा टाकावा आणि तो सुटला, तर तिसऱ्या बेसवरची घरी पोचून बरोबरी करणार.

मेघाने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी सुजलेल्या बोटांची नखं तळहातावर घासली. ती येड्याची खूण होती.

पहिला येडा. सादियाची बॅट वरून गेली, हेमांगीने बॉल पोटाशी कसाबसा कवटाळला. दुसरा साधा, सादियाने तो रेषेबाहेर उडवला. तोही हुकल्यातच जमा; आता एकच हुकला की ती बाद आणि सामना संपला.

“टाक गं माय,” अक्का पुटपुटल्या. जैनबने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

मेघाची पाचही बोटं एकदम उघडली. बॉल निघाला तो कुठेही जायची घाई नसल्यासारखा. सादियाने बॅट घातली, बॉल खाली बसला, बॅट मोकळी फिरली. हेमांगी हालली नाही. हालली नाही. मग ग्लोव्ह वीतभर उजवीकडे सरकला आणि थप् असा आवाज झाला.

पुढचा गलका किती वेळ चालला ते अक्कांना नीट आठवत नाही. त्या आणि जैनब एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि शेजारी सादिया कमरेवर हात ठेवून उभी होती.

“दादी, तुमच्यामुळे हरलो.”

“बरं झालं. आता शिकून घे.”

“शिकवाल, अक्का?”

“ये की जळगावला. पण आधी मांडे करायला शिकावं लागेल,” अक्का म्हणाल्या.

मैदान रिकामं होऊ लागलं तेव्हा जैनबने हेमांगीचा ग्लोव्ह मागून घेतला, एक प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि दहा पावलांवर मांडून बसली.

“टाक.”

“अगं, बोटं वळत नाहीत माझी.”

“माझे गुडघे तरी कुठे वळतात? टाक.”

अक्कांनी नखं रुतवायचा प्रयत्न केला. दोन रुतली, बाकीच्यांनी ऐकलं नाही. त्यांनी सोडला. बॉल अर्ध्या वाटेतच मातीत पडला आणि हळूहळू गडगडत निघाला. मुली हसल्या. मेघा तो उचलायला धावली.

“हात लावू नको!” जैनब ओरडली. ग्लोव्ह खाली, उघडा धरून ती बसून राहिली, बॉल खुर्चीपाशी येईपर्यंत.