शाळा नाही तर वावर

उर्वशी न उठवता उठली, तिथेच कौसल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एरवी सातवीतल्या या पोरीला उठवता उठवता घसा बसायचा. आज तिने स्वतःहून अंघोळ उरकली, वेणी घातली आणि आईचा हात पोचणार नाही अशा बेताने कोपऱ्यात बसून दप्तर भरू लागली. चहा नको म्हणाली. तोंडावर पावडरही जरा जास्तच होती.

कौसल्याचा स्वभाव मुळातच संशयी, आणि त्याला कारणही मिळालं होतं. गेल्या हिवाळ्यात पोट दुखतं म्हणून ही पोरगी घरी राहिली आणि दुपारी नाल्याकाठी बोरं खाताना सापडली. तेव्हापासून घरात कायदा झाला: शाळेत जायचं नसेल, तर कापूस वेचायला वावरात यायचं. घाटंजीकडच्या गावांत वेचणीच्या दिवसांत हात कुणाला पुरतात? कायदा लागू पडला. उर्वशीचं पुन्हा कधी काही दुखलं नाही. पोरीला कशी सरळ केली, हे कौसल्या वेचणीच्या बायांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

मग आज काय शिजत होतं? पावडर कुणासाठी? तिने नवऱ्याला विचारलं. पोरगी शाळेत चालली आहे तर जाऊ दे, असं म्हणून भीमराज वावराकडे निघून गेला. या माणसाला घरातलं कधी काही दिसतच नाही. पोरीची पाठ वळताच कौसल्याने दप्तर उपसलं. वह्या, पुस्तकं, कंपास. मोबाइलही फळीवर जागच्या जागी होता. काहीच सापडेना, त्यामुळे संशय आणखी बळावला.

उर्वशी दाराकडे निघाली, ती भिंतीला हात लावत, आवाज न करता. ही चोराचीच चाल, असं वाटून कौसल्याने झटकन तिचं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापला होता. पावडरीखाली चेहरा लालबुंद होता.

"काहून सांगतलं नाही तुनं?"

"सांगतलं असतं त तू मले वेचाले नेलं असतं."

कौसल्याने तिचं मनगट सोडलं. आपल्या कायद्याची तिला मनापासून लाज वाटली. तिने शेजारणीच्या हाती वावरात निरोप धाडला, की आज मी येत नाही, पोरीला दवाखान्यात न्यायचं आहे. मग अंथरूण घातलं आणि दवाखाना उघडेपर्यंत पडून राहा म्हणाली.

उर्वशी अंथरुणाशी उभीच राहिली. आईकडे तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

"मी झोपली की उठवून वावरात त नाही नेशीन?"

"नाही नेत, बाई. खरंच नाही नेत."

उर्वशी आडवी झाली. कौसल्याने पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली, ती तिने ठेवू दिली. शाळेचा गणवेश काढायला मात्र ती काही केल्या तयार झाली नाही.